चुकीच्या कपाटातली फांदी

दि. ९ मार्च

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. मजेत म्हणजे गुडघे कुरकुरतात, पण संग्रहालयाचे जिने अजून चढतो. तुझ्या टेबलावर कुणी बसत नाही. सुकवलेल्या फांद्यांचे गठ्ठे तिथे ऐसपैस पसरलेत. तुझी आई बरी आहे ना? तिचा फोन येत नाही आणि मी तरी कुठल्या तोंडाने करणार?

बघ, पुन्हा विषयाला बगल दिली. सकाळपासून तीन कागद फाडलेत.

तू अर्ज केलायस त्या वनस्पती उद्यानातून परवा मला विचारणा आली. झाडांचे गट लावण्यात तुमची भाची कच्ची आहे असं ऐकतो, खरं का?

हे सगळं त्या यू नावाच्या झाडाच्या फांदीवरून. पाइन, देवदार ही सूचिपर्णी झाडं उघड्या बियांची, म्हणून डाव्या कपाटात. फळात बी झाकलेली ती फुलझाडं, उजव्या कपाटात. यूचं लालचुटुक फळ बघून मी सांगितलं, "लिही, फुलझाड." तुझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून चिठ्ठ्या तुझ्याकडे. तू म्हणालीस, "मामा, हे फळ नाही. बीभोवती नुसती लाल वाटी आहे, टोकाला बी उघडी दिसतेय. हे सूचिपर्णीच." मी म्हणालो, "बरं शहाणे, तू अक्षर काढ."

मग बाहेरचे तज्ज्ञ आले, उजव्या कपाटात यू बघून हसले. साहेबांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" मी म्हणालो, "भाचीचं." अक्षरशः खोटं काहीच बोललो नाही, आणि तुझी नोकरी गेली. वर नातेवाइकांत सांगत फिरलो, पोरीला अजून बरंच शिकायचंय. लाज वाटते गं. जेवताना वाटते, दाढी करताना वाटते.

आज उद्यानाला आणि आमच्या साहेबांना, दोघांनाही लिहून पाठवलं: चूक माझी, तिने मला टोकलं होतं. प्रती सोबत आहेत. तीस वर्षांच्या नावावर पाणी फिरेल, फिरू दे. उद्यान तुला घेईल की नाही, ठाऊक नाही. माफ कर असंही म्हणत नाही.

एकच सांगतो. साहेब बोलत होते तेव्हा तू मान खाली घातली नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस. मामा आता बोलेल, असं तुला वाटत होतं. आणि मी चष्मा पुसत राहिलो.

तेव्हा गप्प बसलेला,
तुझा मामा