वानराचं सुतक

बाबा, तुमच्या मिशा उतरलेल्या मी एकदाच पाहिल्या. आजी-आजोबा गेले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. माझ्या जाणतेपणी तुम्ही एकदाच वस्तरा लावून घेतला, आणि तोही एका वानरासाठी. परवा आमच्या वाशिमच्या कॉलनीसमोर विजेच्या तारेला चिकटून एक वानर मेलं, आणि दिवसभर मला तुमचा तो उघडा, पांढुरका ओठ दिसत राहिला. सुनेनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, पाठ धरली आहे. आता ती मुलांना घेऊन बाजारात गेली आहे आणि घरात मी एकटी आहे, तर म्हटलं कागदावर तुमच्याशी बोलावं. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी ही एक गोष्ट आपल्यात बोलायची राहून गेली आहे.

पौषाचे दिवस. आपला हरभरा घाट्यावर आलेला आणि वानरांची टोळी रोज सकाळी ओढ्याकडून येते. मी शेतातल्या माळ्यावर बसून डबा वाजवते, तुम्ही खाली गोफण घेऊन उभे. तुमची गोफण साऱ्या शिवारात नावाजलेली होती, पण वानराला दगड लागू द्यायचा नाही हा तुमचा नेम. नुसता आवाज काढायचा, गोटा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा. त्या सकाळी एक मोठं वानर नेमकं त्याच वेळी उठून उभं राहिलं. मी वरून पाहिलं. ते ओरडलंसुद्धा नाही, सरीत बसल्यासारखं बसलं आणि मग आडवं झालं. तुम्ही धावत गेलात, गोफण वाटेतच टाकली. मी खाली उतरून आले तर तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणालात, "कोणाले सांगू नको." बस, एवढंच.

गावात तुम्ही सांगितलं, बाभळीवरून पडलं. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. आपल्याकडे वानर मेलं की गाव त्याला माणसासारखं पोचवतं. तिरडी बांधली, टाळ-मृदंग आले, मारुतीच्या देवळामागे खड्डा खणला. पण आंघोळ तुम्ही कोणाला घालू दिली नाही. मायनं चुलीवर पाणी तापवून दिलं आणि तुम्ही एकट्यानं त्याला न्हाऊ घातलं, हाताची बोटं सुटी करून करून. मग डोकं आणि मिशा उतरवल्या, दहावा केला, तेराव्याला पंगत घातली. लोक म्हणाले, भक्ती असावी तर अशी. कोणी असं म्हटलं की तुम्ही तिथून उठून जायचे. घरी चुलीपाशी बसून तुम्ही आपलाच तळहात उलटा-सुलटा करून बघायचे. मायला वाटलं, भाजलं की काय. तिला खरं सांगितलंत ते त्याच वेळी. मी दाराआड होते. "देव आहे तो," ती म्हणाली, "देव माफ करते." तुम्हाला ते पटलं असावं, कारण त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात.

आणि त्याच आठवड्यात मी, अकलेचा कांदा, शाळेतून एक नवीनच धडा घेऊन आले! शाळेला अमरावतीकडचे एक तरुण मास्तर आले होते. अंगानं किरकोळ, बोलताना पुढं वाकायचे, आणि शिकवायला लागले की घंटा झालेली त्यांना ऐकूच यायची नाही. वर्गात मुली म्हणजे मी एकटी. मी भाकरी खाता खाता सांगून टाकलं, मास्तर म्हणतेत, वानराचा अन् आपला मूळपुरुष एकच. माय खेकसली, की जेवताना भलतंसलतं बोलू नये. तुमच्या हातातला घास हातातच राहिला. "एकच म्हंजे?" तुम्ही विचारलंत. "भाऊबंद?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हो, भाऊबंदच म्हणा. तुम्ही ताट सरकवून बाहेर गेलात. मला वाटलं, रागावले.

बाबा, मला तेव्हा खरंच काही कळत नव्हतं.

माघात सप्ताह बसला. विणा दरवर्षीप्रमाणे पहिल्या पहाऱ्याला तुमच्या खांद्यावर. प्रवचनाला गोदाकाठचे एक महाराज आले होते, गोरेपान, आवाज असा की पाखरं उडावीत. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की इथला मास्तर पोरांना माकडाची अवलाद म्हणतो. झालं. महाराजांनी प्रवचन बाजूला ठेवलं आणि मास्तरांना निरोप धाडला, की काल्याच्या आदल्या दुपारी पारावर या आणि सगळ्यांसमोर बोला. गावातल्या चार जाणत्यांनी त्यावर आपली गाठ मारली. मास्तर हरले तर त्या शाळेत पोरं धाडायची नाहीत, आणि जो धाडील त्याला काल्याच्या पंगतीत पान नाही. पोरांचं काय, ते ढोरं वळायला गेले असते आणि पुढच्या वर्षी परत शाळेत आले असते. पण मेडशीहून माझ्यासाठी स्थळ सांगून आलं होतं. माझी शाळा सुटली की वैशाखात मी उजवली गेले असते, हे मायच्या तोंडावरच लिहिलं होतं. मी तुमच्यापुढे रडले. तुम्ही म्हणालात, पारावर जे ठरेल ते ठरेल. मला तुमचा इतका राग आला की मी दोन दिवस तुम्हाला पाणी नेऊन दिलं नाही. बापच जर सुटला तर पोरीनं धरावं कोणाला?

आता हे तुम्हाला ठाऊक नाही. मी मास्तरांकडे गेले होते. शाळा सुटल्यावर त्यांना गाठलं आणि सांगितलं, गुरुजी, तुम्ही उद्या एवढंच विचारा, की वानर आपलं कोणी लागत नाही तर माझ्या बाबांनी त्याचं सुतक कसं धरलं? मिशा कशापायी काढल्या? सगळं गाव पंगतीला जेवलं तेव्हा कोणी हसलं नाही, मग आता काहून? मास्तर खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. युक्तिवाद बिनतोड होता, त्यांना दिसत होतं. मग म्हणाले, "नाही. तुझ्या वडिलांच्या दुःखावर मला वाद जिंकायचा नाही." मी तणतणत घरी आले. म्हटलं, बुडवणार हा माणूस मला आपल्या सज्जनपणानं.

पारावर त्या दुपारी तीळ ठेवायला जागा नव्हती. बाया एका अंगाला, मी मायच्या पाठीशी. महाराज आधी बोलले आणि काय बोलले! त्यांनी आपला हात वर केला, पाचही बोटं पसरली. हा अंगठा बघा, म्हणाले, चार बोटांच्या रांगेतून बाजूला कोणी काढला? तो तिथं नसता तर तुम्ही विळा धरला असता का, मूठ पेरली असती का? तिफणीचे फण आपोआप लागतात? सुतार लागतो ना? मग हाताला सुतार नको? लोक माना डोलवत होते, आणि खरं सांगते, माझीही मान हलली. मग मास्तर उठले. त्यांनी पाराच्या दगडावर खडूनं तीन हात काढले, माणसाचा, वानराचा, वटवाघळाचा, आणि हाडं मोजून दाखवायला लागले. माणूस माकडापासून झाला असं मी म्हटलेलं नाही, दोघांचा पूर्वज एक होता, लाखो वर्षांत थोडा थोडा बदल होत गेला, असं ते सांगत होते. पण आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता. मागून कोणी तरी ओरडलं, वटवाघूळ तुमच्या आईकडून की बापाकडून? हशा पिकला. महाराजांनी संधी सोडली नाही. "शाळा यांच्या हाती देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत," म्हणाले. "मास्तर, आजोबांचं शेपूट जपून ठेवलंय का घरी?"

सगळा पार हसला. ज्यांनी तिरडीला खांदा दिला तेही हसले. मास्तरांचं तोंड पांढरं पडलं. तुम्ही समोरच बसला होता, विणा खांद्यावर, ओठावर नुकते खुंट फुटलेले. मास्तरांनी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी नजर काढून घेतली. एका जाणत्यानं घसा खाकरला, म्हणजे निकाल आता सांगायचा होता. मायनं माझं मनगट घट्ट धरलं. माझी शाळा तिथं त्या क्षणी संपली होती, बाबा.

आणि तुम्ही उठलात. विणा काढून शेजारच्याच्या मांडीवर ठेवला. विणा मधेच खाली ठेवत नाहीत, म्हणून सगळे एकदम शांत झाले.

"महाराज, त्याच्यावर हसाचं नाही," तुम्ही म्हणालात. "म्या त्याचा हात धुतला. तळहातावर रेघा होत्या. तुमच्या-माह्या हातावर आहे तशाच." तुमचा आवाज मोठा नव्हता, तरी शेवटपर्यंत पोचला. "तो बाभळीवरून नाही पडला. माहा गोटा लागला त्याले."

कोणाच्या तरी हातातला टाळ वाजला तेवढाच. वानर मारणं म्हणजे काय पाप, हे त्या गावात पाळण्यातल्या पोराला ठाऊक होतं.

तुम्ही एकदा महाराजांकडे पाहिलंत, एकदा मास्तरांकडे. "महाराजाचं खरं असन, तं म्या देव मारला. मास्तरचं खरं असन, तं म्या भाऊबंद मारला. तुमी दोघं शिकेल माणसं. बसून ठरवा, अन् मले सांगा, म्या कोणाले मारलं."

मी पुढे आयुष्यात कितीतरी सभा पाहिल्या, शाळेतल्या, कॉलेजातल्या, याच विषयावर हमरीतुमरीवर आलेल्या. त्या पारावरची शांतता मला परत भेटली नाही. महाराजांनी पसरलेला हात मिटून घेतला. त्यांनाही वाईट वाटलं असावं, मी त्यांना खोटं म्हणणार नाही. मास्तर खाली बसले आणि आपल्या उपरण्यानं दगडावरचे ते तीन हात पुसायला लागले. शाळेचा निकाल सांगायचं कोणाला सुचलंच नाही. लोक उठून गेले, आणि कोणी तुमच्या जवळून गेलं नाही.

त्या सप्ताहाचा विणा तुमच्या खांद्यावर परत आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही, त्याच्या पुढेही नाही. तुम्ही मांडवाच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवायचे. मला ते बघवत नसे, आणि तुम्ही मात्र कधी एका शब्दानं बोलला नाहीत.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली. मी चुलीपाशी बसून होते, पिठाचे हात तसेच. तुम्ही दारातून म्हणालात, "घंटा झाली नं? जाय मंग." मी उठले. तुम्ही पुढं म्हणालात, "अन् अर्ध आयकून नको येऊ. पुरं समजून घेजो, अन् मले सांगजो." मेडशीच्या लोकांना तुम्ही काय निरोप धाडला ते मला कधी कळलं नाही. कॉलेजात गेले, जीवशास्त्र घेतलं, मास्तरीण झाले, तीस-पस्तीस वर्षं तोच धडा शिकवला. सगळे म्हणायचे, पोरीला शिकवण्यात बापानं शेत कमी केलं. मी कशासाठी शिकतेय ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं.

परवा खाली पोरं त्या वानराला हार घालून मोबाइलवर फोटो काढत होती. मी त्यांना ओरडून बाजूला केलं आणि गुडघे दुखत असताना खाली बसले. त्याचा तळहात उघडून पाहिला. रेघा होत्या. मग वर येऊन डोक्यावरून आंघोळ केली, भाऊबंद गेल्यावर करतात तशी. घरात कोणाला सांगितलं नाही.

सुट्टीत मी घरी यायची तेव्हा तुम्ही एकदा, आणि मग दुखण्यात अंथरुणावर असताना एकदा, विचारलंत, "समजलं काय पुरं?" दोन्ही वेळा मी म्हटलं, तो भाग अजून पुढं आहे. तुम्ही मान हलवलीत. तो भाग पुढं नव्हता, बाबा. मी तो शिकले होते, परीक्षेत लिहून पहिली आले होते. पण दाराआडून ऐकलेलं मायचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. देव माफ करते, ती म्हणाली होती. तुमच्याकडे तेवढंच एक उरलं होतं, ते मी कसं काढून घेणार होते?

तो भाऊबंदच होता. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेली सगळी पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायची. हेही मीच वाचलं असतं, आणि भाऊबंदाचं तेवढं एक वाक्य गाळून पुढं गेले असते.