घरात पाहुणी कोण आलीय?

प्रिय कुंदा सिस्टर,

आज सकाळी नगरपालिकेच्या बैठकीत साहेबांनी पुराच्या तयारीचा कागद वाचून दाखवला. ‘महिला आरोग्य, समन्वय’ या ओळीपुढे यंदाही माझं नाव होतं. त्याआधी इतकी वर्षं तिथे तुमचं असायचं. मी नुसती मान हलवली. बाहेर आले ती थेट इथे शाळेत येऊन बसले. तीन दिवस पाऊस उघडलेला नाही, नदी इशाऱ्याच्या खुणेला टेकलीय, दुपारनंतर नदीकडच्या लोकांना या शाळेत आणायला सुरुवात होईल. आणि हे सगळं जिला सांगून मोकळं व्हावं ती बाई दोन वर्षांपूर्वी निघून गेलेली. म्हणून लिहितेय. केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, त्याबद्दल मनातल्या मनात रागवा.

सातवी ‘ब’चा वर्ग आपल्याला दिलाय. दर पुरात तुम्ही बायकांसाठी मागून घ्यायचात तोच. खिडकीला मी साड्यांचे पडदे लावलेत. बायकांच्या संडासाला आतून कडी लावून घेतली, बाहेर दिवा लावून घेतला. वायरमन म्हणाला, “ताई, अजून माणसंच आली नाहीत, बल्बची काय घाई?” मी त्याच्याकडे तुमच्यासारखं नुसतं बघत राहिले. लावला त्याने.

हे कडी-दिव्याचं प्रकरण मला आधी खुळचटपणाचं वाटायचं, खरं सांगते. आशा सेविका म्हणून लागले त्या पहिल्या पुरात तर मी घरी जाऊन नवऱ्याला हसून सांगितलं होतं, की आमच्या सिस्टर औषधं सोडून सुताराच्या मागे लागल्यात. मग ती बाई आली होती, आठवते? तीनदा पॅड न्यायला आली. चौथ्यांदा आली तेव्हा तुम्ही मला बाहेर पाठवलंत आणि दार लोटून घेतलंत. तासाभराने तुम्ही स्वतः तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलात. नंतर मला एवढंच म्हणालात, “बाईवर जबरदस्ती झाली की तीन दिवसांच्या आत जायला लागतं मंगल, त्याच्या आत गेलं तर खूप काही टाळता येतं.” तिचं नाव तुम्ही मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा! त्यात पाळणा लांबवायच्या गोळ्या, कंडोम, दोन हातमोजे, नाळ कापायचं पातं, दोरा. साहेब म्हणाले होते, “सिस्टर, आधी जेवणपाण्याचं बघू, हे नंतर.” तुम्ही म्हणालात, “साहेब, बाईचं पोट फक्त भुकेनं दुखत नाही.” सगळे हसले, पण डबा राहिला. दुसऱ्याच दिवशी एक पोरगेली बाई कानात कुजबुजली होती, माझं पाकीट वाहून गेलं हो, अकरावी गोळी घ्यायची होती. तिचं सगळं घर वाहून गेलेलं आणि ती त्या अकराव्या गोळीसाठी रडत होती. तेव्हा मला तुमचा डबा कळला.

उल्हासनगरच्या त्या कापडवाल्या शेठनाही काल फोन केला. दरवर्षी पाच-पाच मंडळं पॅडची खोकी आणून टाकतात आणि पॅड लावायला अंगावर कोरडं काही आहे का, याचा विचार कोणी करत नाही. म्हणून निकर आणि गाऊन सांगितले. शेठ त्यांच्या सिंधीत आपल्याला ‘अदी’ म्हणजे ताईच म्हणतात ना, म्हणाले, “भेजता हूँ. पर वो बड़ी अदी कहाँ है, फोन नहीं करती?” मी म्हटलं, त्या आता नाहीत. त्यांनी समोरचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे दिलं. मग म्हणाले, “तो अदी, साइज बोलो. सब फ्रेश माल भेजूँगा, सेकंड नहीं.” सेकंडचा, डागी माल नको म्हणून तुम्ही त्यांच्याशी भांडलेलं त्यांना अजून आठवतंय.

म्हणजे सगळी तयारी आहे, सिस्टर. मग मी घाबरलेय का? ते सांगायलाच तर बसलेय आणि मघापासून कड्या आणि निकरांचं सांगतेय.

गेल्या वर्षीचं सांगायचं आहे. तुम्ही गेल्यानंतरचा तो पहिला पूर. गरोदर बायकांची यादी मी केली होती, मोबाइलवर, छान टाइप करून, आळीवार. यादीतली एकूण एक बाई सुखरूप हलवली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला वाटलं, सिस्टरना आज अभिमान वाटला असता.

तुम्ही यादी कशी करायचात? रजिस्टर पिशवीत ठेवून दारोदार जायचात आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न. “घरात पाहुणी कोण आलीय?” आम्ही मागे उभ्या राहून एकमेकींना कोपरखळ्या मारायचो. सिस्टरना चहाची आशा आहे, म्हणायचो. महिन्यातून एकदा अंबरनाथच्या आशांना फोन लावायचात, “तुमच्या कोणी पोरी आमच्याकडे आल्यात का गं?” मला वाटायचं, गप्पांची हौस.

सिस्टर, कारण का नाही सांगितलंत कधी? “विचार गं तू, विचारायला काय जातं” एवढंच. लिहून का नाही ठेवलंत? सगळं डोक्यात ठेवलंत आणि डोकं घेऊन गेलात. रागावू नका, पण हा राग मी वर्षभर धरून आहे.

त्या प्रश्नाचं कारण, पहिलं बाळंतपण माहेरी. हे मला माहीत नव्हतं का? माझी स्वतःची पहिली वेळ माहेरीच झाली की. पण यादी रजिस्टरवरून केली आणि रजिस्टरमध्ये नाव सासरचं. प्राजक्ता, कुळगावच्या नदीकडच्या आळीतली पोर. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला. डोहाळजेवण झालं आणि तिची आई तिला घेऊन आली. अंबरनाथच्या आशाने तिच्या नावापुढे ‘माहेरी गेली’ लिहिलं आणि तिचं काम संपलं. माझ्याकडे ती आलीच नाही, कारण ती ‘आमच्याकडची’ नव्हती. दहा मिनिटांचं अंतर, आणि त्या दोन वह्यांच्या मधे ती पोर राहिली.

रबरी होडी त्या आळीत गेली होती. होडीवाल्याच्या हातात माझा कागद होता. त्या आळीपुढे मी ‘निरंक’ लिहिलं होतं. दुसऱ्या आळीतल्या बायका आधी काढा, असा हुकूम होता, म्हणून होडी वळली. प्राजक्ता शेजाऱ्यांच्या माळ्यावर बाळंत झाली. बाळ रडलं नाही. तिचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा दुधाच्या टेम्पोतून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेली. ती वाचली.

मी कोणालाच सांगितलं नाही, सिस्टर. सगळे म्हणाले पाण्याने घात केला, मीही मान हलवली. वर्षभर त्या आळीत गेले नाही. लसीकरणाला दुसरीला पाठवते. भाजीला गेले तरी वळसा घालून जाते. आणि आज त्याच कागदावर पुन्हा माझं नाव लावलंय. या वर्षीची यादीही तयार आहे, मोबाइलवर, आळीवार. त्या आळीपुढे पुन्हा ‘निरंक’ आहे, आणि ते खरं की खोटं मला माहीत नाही.

थांबते. पाणी अजून रस्त्यावर आलेलं नाही. जाऊन येते.

———

परत आले. चार वाजलेत. हात ओले आहेत, अक्षर फुटेल, चालवून घ्या.

पहिलं दार त्यांचंच ठोठावलं. नाहीतर मी दुसरीकडून सुरुवात करून शेवटी अंधार पडला म्हणून परतले असते, मला माझी खोड माहीत आहे. दार प्राजक्ताच्या आईने उघडलं. मी तुमचा प्रश्न विचारला.

“घरात पाहुणी कोण आलीय?”

तिने दार पुरतं उघडलं. मग बाजूला सरकली. आत प्राजक्ता कॉटवर पिशवी भरत बसली होती. नववा लागलाय. पहिलं हाती लागलं नाही, म्हणून हीच पहिली वेळ धरून माहेरीच करायची, असं दोन्ही घरांनी ठरवलेलं.

मी आत गेले नाही. उंबऱ्यातच बसले आणि बोलून टाकलं. म्हटलं, गेल्या वर्षीचा तो कागद माझा होता. तुमच्या आळीपुढे कोणी नाही असं मी लिहिलं होतं. न विचारता लिहिलं होतं.

तिची आई म्हणाली, “मला म्हायती हाय. व्हडीवाल्यानी कागद दावला व्हता. खाली तुमचं नाव व्हतं.”

“मग तुम्ही आला का नाहीत विचारायला?”

“मी कशाला येऊ? तुमी येनार व्हताव ना. वरीस झालं, मी दाराकडं बघते.”

सिस्टर, ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी तो प्यायले. काय करणार होते?

प्राजक्ताच बोलली मग, “काकी, अब छोडो ना. माझं नाव लिहा आधी. आणि पेनाने लिहा, तुमच्या मोबाइलची बॅटरी जाईल.” मी लिहिलं. पूर्ण नाव, सासरचा पत्ता, माहेरचा पत्ता, नवऱ्याचा नंबर, रक्तगट. तिने वाकून दोनदा वाचलं आणि रक्तगटातली माझी चूक दुरुस्त केली.

मग पुढचं दार, त्याच्या पुढचं. प्राजक्ताची आई छत्री घेऊन माझ्याबरोबर चालली, मी नको म्हटलं तरी. माझ्या आधी तीच विचारायची, “पावनी कोन हाय गं घरात?” अजून दोघी निघाल्या, सिस्टर. एक नाशिककडची, सातवा महिना. एक बाळंतीण, नऊ दिवसांचं बाळ घेऊन, जावयांनी परवाच आणून सोडलेली. ‘निरंक’ आळीत तिघी. अंबरनाथला फोन केला, त्यांच्या वहीत अजून दोघी ‘माहेरी गेली’ आहेत, त्यांची माहेरं आपल्या बाजूला. माणूस पाठवलाय.

आता प्राजक्ता माझ्यासमोर सातवी ‘ब’च्या बाकांवर अंथरलेल्या गादीवर कुशीवर झोपलीय. मघापासून दोनदा कंबर धरून उठून बसली. मी विचारलं तर म्हणते, काही नाही, बाकामुळे. गाडी फाटकात उभी आहे, ड्रायव्हरला जेवायलाही जाऊ दिलेलं नाही, डबा तिथेच दिलाय. उल्हासनगरचा रस्ता अजून चालू आहे. किती वेळ चालू राहील, कोणी छातीठोक सांगत नाही. मी अर्ध्या तासाने विचारणार होते, पण आता वाटतंय, अर्धा तास कशाला. दुखो न दुखो, हिला आत्ताच हलवते. खोटी कळ निघाली तर निघाली, साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

तिची आई म्हणतेय, तुम्ही बरोबर चला. मी इथलं दुसरीवर सोपवून जातेय. तुमचा तो बिस्किटांचा डबा दोन ठिकाणी वाटलाय, अर्धा इथे, अर्धा माझ्या मांडीवर.

तुम्हाला शब्द देते, सिस्टर. तुमचा प्रश्न मी कागदावर उतरवलाय, कारणासकट, अंबरनाथच्या बायकांनाही पाठवलाय. माझ्या डोक्यात ठेवून मी तो घेऊन जाणार नाही. आणि त्या दारावरून पुन्हा वळसा घालणार नाही, आज काहीही झालं तरी. काहीही झालं तरी तिच्या आईला ते मीच सांगेन, तोंडाने, त्याच दिवशी.

प्राजक्ता उठलीय. हाक मारतेय. निघते.

तुमची,
मंगल