पांढऱ्या गाडीची माझ्यामागची व्यवस्था

मी, सोमेश्वर भिकनराव सपकाळ, वय एकोणसत्तर, पूर्वी शाळेत इतिहास शिकवणारा आणि आजतागायत भाषणे करणारा, राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण व्यासपीठावर ओरडून बोलणाऱ्या माणसाला मेल्यावर भ्रमिष्ट ठरवणे फार सोपे असते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. गोड बोलण्याने मी वळत नाही, हे तालुक्याला ठाऊक आहे.

हे मृत्युपत्र वाचायला घाई करावी, अशी माझी पहिली सूचना. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसे परत आली की अंगणात सगळ्यांसमोर, जेवणाच्या आधी, मोठ्याने वाचावे. दहाव्यापर्यंत थांबू नये. तोवर माझ्या बायकोला कोपऱ्यात बसवलेले असेल, आणि एकदा बसवलेल्या बाईला उठवायला आमच्या घरात कोणी पुढे येत नाही.

१. कोपरा म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. नवरा गेला की बायकोने माजघराच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात बसायचे. वर्षभर उंबरा ओलांडायचा नाही, देवळात जायचे नाही, सणाला कोणासमोर यायचे नाही. आमच्या घराण्याची ही रीत. माझी आई त्या कोपऱ्यात बसली तेव्हा मी अकरावीत होतो. वर्ष संपल्यावरही ती उठली नाही. तिला सवय झाली होती. या रीतीविरुद्ध मी चाळीस वर्षे गावोगाव बोललो. टाळ्या भरपूर पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरातले कोपरे मात्र तसेच आहेत, याची मला खात्री आहे. म्हणून या वेळी भाषण न करता कायद्याच्या भाषेत लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ कडूबा मागच्या पोळ्याला ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, तुम्ही भाषणं करा, आपली ना न्हाई. पण घराची रीत घराला. वहिनी काय परकी हाये का?" हसत म्हणाला. कडूबा हसून बोलतो तेव्हा मी जास्त लक्ष देतो.

२. घर. पिंपळगावचे राहते घर माझी पत्नी बेबीनंदा हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. ती अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाली आहे. गावातली अर्धी तरणी मंडळी तिच्या हातची खिचडी खाऊन वाढली, तेव्हा तिला घर सांभाळता येणार नाही असे कोणी म्हणू नये. माजघराच्या त्या दक्षिण कोपऱ्यात मी गेल्या महिन्यात पुस्तकांचे सागवानी कपाट आणून ठेवले आहे. ते भिंतीत पक्के ठोकले आहे. ते हलवायचे नाही. तिथे बसायला जागाच उरू नये, एवढ्यासाठी ते आहे. इतर कपाटांतली पुस्तके धावड्याच्या वाचनालयाला द्यावीत. अट एकच: कुलूप लावायचे नाही. चोरीला गेलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडतो.

३. शेती माझा एकुलता एक मुलगा हरिओम याला. बँकेतील ठेव बेबीनंदाला. हरिओमवर माझा राग नाही, संशय आहे. रागात माणूस वाटा कापतो. मी त्याचा वाटा पुरा देत आहे आणि पुढचे कलम त्याने नीट ऐकावे, एवढेच मागत आहे.

४. गाडी.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी रुग्णवाहिका लिलावात घेतली. आम्हा दोघांना जंगले बघायची होती. आयुष्यभर मी माणसांच्या गर्दीपुढे उभा राहिलो. जिथे माणसापेक्षा झाड जास्त आहे अशा ठिकाणी एकदा गप्प बसावे, असे मनात होते. जालन्यात ट्रकच्या बॉडी बांधणारे पाशामियाँ यांनी तिच्यात दोन झोपायची फळकुटे, पाण्याची टाकी, शेगडीचा ओटा आणि कपड्यांचा खण करून दिला. काम झाल्यावर म्हणाले, "सर, आता दोन माणसं आरामात झोपतील. पहिले याच्यात एकच झोपत होता, तो बी मजबूरीनं."

गाडी गावात आली तेव्हा आमच्या दारात रडायला तयार होऊन चार बायका आल्या. कडूबा म्हणाला, "मेल्यावर बसायची गाडी जितेपणी घेतली का, दादा?" हे वाक्य मी विसरलेलो नाही, याची त्याने नोंद घ्यावी.

पहिल्या वर्षी आम्ही मेळघाटातले गुगामल उद्यान आणि मग ताडोबा केले. अशी गाडी उद्यानात नेऊ देत नाहीत. बाहेरच्या गावात, मोकळ्या जागेत मुक्काम करायचा आणि सकाळी तिथल्या उघड्या जिप्सीतून आत जायचे. आमच्या घरी चुलीवरच्या पहिल्या भाकरीचा घास बाहेर ठेवतात. बेबीनंदाने तो मेळघाटातही ठेवला. वनरक्षक धावत आला. "काकू, प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे."

ती म्हणाली, "मी प्राण्यांना न्हाई घालून राह्यले, देवाला घालून राह्यले. खातंय कोण ते बघायचं काम तुमचं."

हरिओमने निघताना माझ्या फोनमध्ये काहीतरी केले होते. आम्ही कुठे आहोत ते त्याला घरबसल्या दिसे. काळजी म्हणून, असे त्याचे म्हणणे. इतिहास शिकवलेल्या माणसाला काळजी हा शब्द नीट ठाऊक असतो. प्रत्येक बादशहाने म्हाताऱ्या बापाला काळजीपोटीच महालात ठेवले. रोज फोन येई. "बाबा, तब्येत कशी आहे? गाडी किती चालली? आता तिचा काय भाव येईल?" तब्येतीचा प्रश्न एक आणि गाडीचे दोन. मी मोजत होतो.

ताडोबाला आम्ही बरेच दिवस राहिलो. पहिल्या फेरीनंतर बेबीनंदा आत येईना. "धूळ खायला मला गाव काय कमी हाये? तुम्ही जा. वाघाला माझा नमस्कार सांगा." ती गाडीपाशी राही. आणि मी परत येऊन चालकाच्या जागी बसलो की माझे गुडघे पुढे अडकत. आसन सरकवलेले असे. मागचे दिसणारा आरसा खाली वाकवलेला असे.

मी लक्ष ठेवू लागलो. आधी संशय मुक्कामाच्या जागेवरच्या राखणदारावर गेला. मग पाशामियाँवर, कारण किल्ली त्यांच्याकडे महिनाभर होती आणि तिसरी किल्ली पाडायला वेळ लागत नाही. त्यांनी मला याबद्दल माफ केले आहे आणि आज ते इथे साक्षीला आहेत. शेवटी हरिओमवर. माझ्या डोक्यात सगळे चित्र तयार झाले. तो दुरून आमची जागा बघतो, गिऱ्हाईक पाठवतो, मी जंगलात असताना गिऱ्हाईक गाडी चालवून बघते. मी चाकालगतच्या दगडावर खडूने रेघ मारली. दुपारी आलो तेव्हा रेघ हातभर मागे राहिली होती. मी बेबीनंदाला विचारले, "कोणी आलं होतं?"

"कोण येणार इथं? माकडं आल्ती."

दुसऱ्या दिवशी मी जिप्सीत बसलो, पुढच्या वळणावर उतरलो आणि बांबूच्या बेटाआड उभा राहिलो. आमची पांढरी गाडी समोरच्या पडीक शेतात हळूहळू गोल फिरत होती. शेजारच्या आसनावर शालू होती. तिथे पर्यटकांची जिप्सी चालवणारी बाई. आणि चालकाच्या जागी, पदर खोचून, मान उंच करून, माझी बायको.

मी बाहेर आलो. तिने गाडी थांबवली. बंद पडली नाही, थांबवली. शालू हसत खाली उतरली. मी एवढेच म्हणालो, "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बायकांच्या मुक्तीवर भाषण केलं असतं. मंग मी क्लच कवा दाबायचा?"

"मी पाशामियाँवर संशय घेतला. पोरावर घेतला."

"ते कळून राह्यलं होतं मला. खडू घेऊन फिरत होते तुम्ही." मग ती जे बोलली ते मी शब्दशः लिहीत आहे. "साऱ्या दुनियेवर संशय घेतला, माझ्यावर न्हाई घेतला. येवढी का मी बिनकामाची वाटले तुम्हाला?"

गाडी कशासाठी शिकतेस, हे मी विचारले. ती म्हणाली, "तुम्ही जाल एक दिवस, बोलता बोलता. मंग हे लोक मला कोपऱ्यात बसवतील. तिथून उठायला काही यायला पाह्यजे का न्हाई?"

चाळीस वर्षांत मी या विषयावर इतके थोडके आणि इतके पुरेसे बोललेलो नाही.

परत आल्यावर जालन्याला जाऊन तिने पक्का परवाना काढला. पुढच्या वर्षी पेंच आणि कान्हा केले, तेव्हा जाताना आणि येताना गाडी तिनेच चालवली. मी शेजारी बसून रस्ता सांगत होतो, ती ऐकत नव्हती, आणि आम्ही बरोबर पोचलो. गावात मात्र ती चालवत नाही. गावाबाहेरच्या पुलापाशी आम्ही जागा बदलतो. तिचीच इच्छा होती: "आत्ताच कळलं तर किल्ली लपवतील." माझ्यापेक्षा तिचा संशय पक्का आहे.

तेव्हा, सदर पांढरी गाडी, आतल्या सामानासह, बेबीनंदाच्या पूर्ण आणि निर्वेध मालकीची राहील. नोंदणी आणि विमा आधीच तिच्या नावावर केला आहे. हरिओमने तिसरा प्रश्न विचारू नये. "आईला चालवता येत नाही, मग दारात गंजवायची कशाला" असे म्हणून कोणी ती विकायला काढली, तर या मृत्युपत्राची शेवटची ओळ त्याला पुन्हा वाचून दाखवावी. एक किल्ली तिच्या कमरेच्या बटव्यात आहे. दुसरी कुठे आहे ते इथे लिहीत नाही, कारण हे सगळ्यांसमोर वाचले जाणार आहे.

५. सत्कारात मिळालेल्या शाली. त्यांचे बेबीनंदाने गाडीला पडदे शिवले आहेत. एकाही शालीने कधी ऊब दिली नव्हती, पण सकाळचे ऊन त्या चांगले अडवतात. सन्मानचिन्हांपैकी सर्वांत जड असलेले ती चढावर चाकाखाली लावते. ते तिच्याकडेच राहू द्यावे. बाकीची कडूबाला. त्याला ती फार आवडत आणि तो कधी बोलला नाही, हेही मी पाहिले आहे.

६. शोकसभा घ्यायची नाही. घेतलीच, तर ज्याच्या घरात कोपरा आहे त्याने माइक धरू नये. घरात कोपरा नसलेला वक्ता सापडणार नाही, म्हणून सभा आपोआप रद्द होईल.

७. तिच्या कपाळाला, गळ्याला आणि हाताला कोणी हात लावायचा नाही. काय ठेवायचे आणि काय काढायचे ते ती ठरवील. वाचन संपल्यावर ती बाहेर पडली आणि गाडीत बसली, तर वाट सोडावी. कुठे जाते, हे विचारू नये. मी विचारले होते; नवेगावचे जंगल आमचे राहून गेले आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी ती स्वतःच. दुसऱ्या कोणावर माझा तेवढा विश्वास नाही. साक्षीदार म्हणून पाशामियाँ आणि भागवत वकील यांना मुद्दाम घेतले आहे. एका जुन्या खटल्यापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोघे मिळून खोटे बोलणार नाहीत.

९. सही मी घरात करणार नाही. घरातल्या सहीने एवढेच सिद्ध होईल की मला लिहिता येते. ते कोणी नाकारत नाही. म्हणून हे शेवटचे पान घेऊन आम्ही चौघे गाडीत बसलो आहोत. आज पुलापाशी जागा बदलली नाही. गाडी आमच्या अंगणातून तिनेच काढली. कडूबा ओट्यावर उभा होता. तो हसला नाही.

पाशामियाँ मागून म्हणत आहेत, "भाभी, आहिस्ता, पुढं खड्डा है."

"खड्डा मला दिसून राह्यला, भाईजान. तुम्ही सहीकडं बघा."

ते बघत आहेत. सही करतो.

सोमेश्वर भिकनराव सपकाळ

साक्षीदारांचे निवेदन: वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली आणि त्यांच्यादेखत आम्ही आमच्या सह्या केल्या. तिन्ही सह्या वाकड्या आहेत. सरांचा हात ठीक होता, आमचेही ठीक होते, रस्ता खराब होता.

१. पाशामियाँ, बॉडी मेस्त्री, जालना
२. भागवत, वकील, भोकरदन

ठिकाण: धावड्याच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत, चालकाच्या शेजारचे आसन
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५
गाडी चालवणारी: सौ. बेबीनंदा सोमेश्वर सपकाळ