व्हॅनमधले उतारू

मंगळवार, संध्याकाळ. वेलचेरी.

आज पुन्हा तेच. सिग्नलला थांबले आणि बाहेरून कुणीतरी व्हॅनचा सरकता दरवाजा उघडला. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका. "मेडवाक्कम पोगुमा?" जाणार का, एवढं विचारून उत्तराआधीच बसल्या. एवढी मोठी पांढरी गाडी म्हणजे शेअर व्हॅनच, असं या शहराचं ठाम मत आहे.

गाडी घेतली बाबांसाठी. चाकाची खुर्ची सरळ आत जाते, हे खरं सुख. बाकी ताप. गल्लीत वळत नाही, पार्किंगमध्ये मावत नाही. आणि तो दरवाजा. आतून लॉक करायला मीच कशी विसरते?

उतरा म्हणणार, तोच बाबा मागून तमिळमध्ये म्हणाले, "बसा, बसा." मग मला, "चल, सोडून येऊ." आम्ही निघालो होतो त्यांच्या व्यायामाला, आणि दवाखाना उलट्या दिशेला!

अर्धांगवायूनंतर माझ्याशी हूं एवढंच बोलणारे बाबा वाटभर शेवग्याच्या शेंगा आणि त्या बायकांच्या सुना यांवर बोलत राहिले. एकीने विचारलं, "मुलगी चालवते?"

"हो. हॉर्न फार वाजवते."

व्यायामाची वेळ गेली. परतताना मी चिडले. "पाय आखडला म्हणजे, बाबा?"

"अगं, गुरुवारी तासभर आधी निघू. आधी मेडवाक्कम, मग दवाखाना."

एरवी घराबाहेर काढायला यांना तासभर विनवावं लागतं. मी हो म्हटलं. राग अजून गेलेला नाही.