मोरीने नेलं

तारकर्ली
रविवार, ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. कौस्तुभ यास आजीचा आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळी उठतो, जेवतो, झोपतो, म्हणजे खुशाली आहे असं समज. पाऊस लागून आहे. तुझ्या आईचा गुडघा तसाच. तन्वीला ओरोसला कचेरीत सहा महिन्यांचं काम मिळालं, रोज एसटीने जाते-येते आणि घरी आल्यावर आमच्याशी पण अर्ज मागितल्यासारखी बोलते. वाऱ्याने आपला एक माड पडला तो शेजाऱ्यांच्या कुंपणात. त्यामुळे शेजारी बोलत नाहीत. बरंच आहे, शांतता आहे.

तू म्हणशील हातात फोन असताना म्हातारीला पत्र कुठून सुचलं. फोनवर तन्वी आवाज मोठा करून ठेवते आणि सगळं घर भोवती बसतं. मला लिहायचंय ते तसं बोलायचं नाही. तिसरीपर्यंत शिकले, अक्षर मोठं येतं, चार पानं जास्त लागतील. चुका बघत बसू नकोस.

तुझा पिक्चर बघितला. तू तीनदा विचारलंस, "आजी, लोकांना कसा वाटला ते खरं सांग." तन्वी बहीण आहे, ती गोड सांगणार. मी खरं सांगते.

गेल्या रविवारी मच्छीमार सोसायटीच्या हॉलात लावला. दर्या बंद, होड्या वाळूवर, पुरुष घरी बसून जाळी शिवतात आणि बायकांची डोकी खातात, त्यामुळे गर्दी झाली. लॉजवाल्या सिद्धेशने ते पर्यटकांना क्रिकेट दाखवायचं मशीन आणलं. पडदा म्हणून तुझ्या आईची पांढरी चादर. चादरीला मध्ये घडी होती, त्यामुळे तुझ्या हिरोणीचं नाक शेवटपर्यंत वाकडं दिसलं.

पहिली दहा मिनिटं सगळे गप्प होते. आपला किनारा पडद्यावर आला की लोक आपापलं घर शोधतात. मग तुझी पाच पोरं मजा करायला होडी घेऊन निघाली आणि गंगाराम म्हणाला, "वारो खंयचो आसा ता बघूकच नाय हेनी. आता मरतले." तो काय ज्योतिषी नाही. त्याने साठ वर्षं होडी हाकली आहे.

होडी उलटली. पोरं बर्फाच्या पेटीला धरून तरंगायला लागली. आणि मग तुमचा शार्क आला, म्हणजे आमची मोरी. रे मेल्या, ती कशाची केली होतीस? पुढून रबर आणि मागून कॉम्प्युटर. शेपटी एकीकडे चालली होती आणि तोंड दुसरीकडे. लोकांना भीती वाटावी म्हणून तू ढोल वाजवलेस, पण बायका काय बोलत होत्या ते ऐक.

"गो बाय, केवडी मोरी ती! हिच्या सुक्याक खोबरा किती लागात?"

"खोबऱ्याचा नंतर बघ. आदी एवडा टोप खंय आसा तुज्याकडे?"

ज्या गावात मोरी कापून मसाला लावतात त्या गावात तू मोरीची भीती दाखवायला आलास. हे तुला मी आधीच सांगितलं असतं, पण तू विचारलं नाहीस.

हिरोणीचे ओठ दोन दिवस खाऱ्या पाण्यात राहून लालच. त्यावर पण हसले. मी हसले नाही. दोन दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचे ओठ मी बघितले आहेत. ते फुटून उलटे होतात, आत पाणी घातलं तर माणूस ओरडतो.

तन्वी मला मोबाईलवरचे लोकांचे शेरे पण वाचून दाखवते. एकाने लिहिलंय, यापेक्षा आमच्या गल्लीतलं मांजर जास्त भीतीदायक आहे. एक म्हणतो, गाणी नाहीत याबद्दल आभार. पुण्याची कोण बाई म्हणते, भावाच्या प्रसंगाला रडू आलं. ती पुण्याची. इथे काय झालं ते सांगते.

शेवटी दोघे भाऊच उरतात. धाकटा थोरल्याला पेटीवर ढकलतो, "दादा, तू जग" वगैरे केवढं तरी भाषण करतो, आणि मोरी त्याला ओढून नेते. तिथे हॉल हसला. पोट धरून हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "ह्यानाच होडी काढल्यान ना? हौस ती! बरा झाला, खांवदे तेका!"

आणि मग हसणं बंद पडलं. एकदम, भांड्यावर झाकण घातल्यासारखं. सगळ्यांना एकाच वेळी आठवलं की पहिल्या रांगेत मी बसले आहे, आणि माझ्या बाजूला तुझा बाप.

तुझा बाप उठला आणि बाहेर गेला. कोणाच्या तरी चपला घालून गेला, एक निळी, एक काळी. अजून कोणी मागायला आलेलं नाही.

पिक्चर संपल्यावर गंगाराम मला हात धरून पायरी उतरवायला आला. मी विचारलं, "गंगाराम, कसो वाटलो?" त्याने छत्री उघडायला खूप वेळ लावला. मग म्हणाला, "वयनी, झिलान मेहनत केल्यान हां. पण आपल्या ह्या दर्यात माणूस खाणारी मोरी मी तरी कदी बघूक नाय. माज्या बापाशीन पण बघूक नाय." आणि माझ्या तोंडाकडे न बघता गेला.

तेवीस वर्षं मला वाटत होतं गावाने विश्वास ठेवला. तुझा हरी काका मोरीने नेला, हे मी सांगितलं आणि गावाने मान हलवली. कोळणी माझ्या दारावरून जाताना टोपलीतली मोरी झाकून न्यायच्या. मला वाटायचं माझं दुःख म्हणून. त्या रविवारी हॉल हसला तेव्हा समजलं, कोणीच कधी खरं मानलं नव्हतं. फक्त तोंडावर बोलले नाहीत. लोक चांगले आहेत आपले, तोंडाने वाईट आहेत एवढंच.

आता मूळ गोष्टीला येते.

परवा तू फोन केलास, की मोठ्या कंपनीने तुझा पिक्चर घेतलाय. आनंद आहे. ते सुरुवातीला "सत्य घटनेवर आधारित" असं लिहिणार, खाली हरीचा फोटो लावणार, आणि नारळी पौर्णिमेला कॅमेरावाले येऊन तुझ्या बापाच्या तोंडून ऐकणार की मोरीने भावाला कसा नेला. तुझा बाप "येवदेत" म्हणाला. तो म्हणणारच. पण तेव्हापासून त्याने जाळ्याला सुई लावली नाही. पडवीत बसतो आणि आपल्या तळहातांकडे बघतो. तुझी आई सुगंधा विचारते, काय झालं, तर म्हणतो, काय नाय. जेवायला बोलावलं तर जेवतो. मला त्याची भीती वाटते, आणि मी सहसा कशाला भीत नाही.

म्हणून ऐक. ही गोष्ट तू आमच्याकडून घेतलीस, आणि आम्ही तुला खोटी दिली.

तू बारा दिवसांचा होतास. सुगंधाला दूध उतरत नव्हतं. गाईचं पाजलं तर तू ओकत होतास आणि आवाज बसेपर्यंत रडत होतास. बाळंतिणीला मोरीचं सुकं घातलं की दूध उतरतं, हे इथे शेंबड्या पोराला पण ठाऊक. पण दर्या बंद होता. नारळ घालायला चार दिवस होते. दर्याला नारळ दिल्याशिवाय इथे कोणी होडी लोटत नाही, हे तुला सांगायला नको.

डब्यात सुकवलेली मोरी होती. ती चालली असती. माझ्या सासूने मला तीच घातली होती आणि माझी दोन्ही पोरं धडधाकट वाढली. पण माझा पहिला नातू, मला ताजी पाहिजे होती. मी तुझ्या बापाला आणि हरीला सांगितलं, होडी काढा, खडपाकडून, त्या पाण्यातल्या खडकांकडून, एक बारकीशी मोरी घेऊन या, कोणाला दिसणार नाही.

तुझा बाप परशुराम म्हणाला, "आये, चार दिस थांब. दर्यो बरो दिसणा नाय."

मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही. बारा दिवसांच्या पोराच्या बापाला कोणी बोलू नये ते बोलले. हरीने मात्र वाद घातला नाही. बावीस वर्षांचा होता. म्हणाला, "वयनीक व्हयी ना? मगे आणतंव."

होडी खडपाजवळ उलटली. दोघे दोन दिवस पालथ्या होडीला धरून होते. गंगारामने शोधायला नारळ न घालताच आपली होडी लोटली, त्याचा दोष कोणी त्याला दिला नाही. त्याला परशुराम एकटाच मिळाला. तळहाताची कातडी सोलून गेली होती. मी तोंडात पाणी घातलं तेव्हा तो मला एकच वाक्य बोलला. "आये, माजो डोळो लागलो."

एवढंच झालं होतं. डोळा लागला, उघडला तेव्हा हरी नव्हता. मोरी नाही, भाषण नाही. कोणी कोणाला ढकललं नाही, कोणी कोणासाठी जीव दिला नाही. एक दमला, एक झोपला.

मी म्हटलं, हे दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. मोरीने नेलं म्हण. आईने सांगितलं म्हणून तो तसं म्हणाला, आणि तेवीस वर्षं म्हणतोय. लहानपणी तू मांडीवर बसून विचारायचास, "बाबा, केवढी होती मोरी?" तो हात पसरून दाखवायचा. तू तेच हात बघून पिक्चर काढलास. तुझी चूक नाही.

दुसरं खोटं माझं एकटीचं. गावाने विचारलं, नारळाआधी होडी का काढली? मी सांगितलं, हरीने हट्ट केला, माझं ऐकलं नाही. मेलेला माणूस काय उलट उत्तर देतो? मी स्वतःला समजावलं, की खरं सांगितलं तर तुला पांढऱ्या पायाचा म्हणतील, सुगंधाला जगू देणार नाहीत. ते थोडं खरं पण आहे. पण थोडंच. बाकीची मी माझीच कातडी वाचवत होते. आणि तुझ्या पिक्चरमध्ये तो धाकटा उनाड, कोणाचं न ऐकणारा, हौसेने होडी काढणारा. हॉल ओरडला, खांवदे तेका. मी पुढच्या रांगेत बसून ते ऐकून घेतलं. हा शेरा तुझ्या मोबाईलवर आलेला नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

तू बारा दिवसांचा होतास, हे परत वाच. बारा दिवसांचं पोर होडी काढायला सांगत नाही. तुझं नाव मी घेतलं ते मागचं-पुढचं समजावं म्हणून. डोक्यात घेऊन फिरलास तर मुंबईला येऊन थोबडवीन.

काल तुझ्या बापाशी बोलले. पडवीत त्याच्या बाजूला जाऊन बसले, तर तो सरकला, म्हणाला, "आये, लादी थंड आसा, पाट घे." मी म्हटलं, "कॅमेऱ्यासमोर मोरी सांगायची नाही."

"मगे काय सांगू?"

"खरं सांग. झोप लागली म्हणून सांग."

त्याने पाट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "आणि हरयान होडी काढल्यान, ता?"

तेवीस वर्षांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "ते तू नको सांगू. ते मी सांगेन." त्याने मान हलवली. रात्री भात दुसऱ्यांदा मागून घेतला. बाकी काय बदल नाही.

आता तुझं काम. पिक्चर तुझा आहे, रबराची मोरी तुझी आहे, ठेव. लोक हसतील, हसू दे, पैसे देऊन हसतात तर चांगलंच. पण "सत्य घटना" ही अक्षरं काढ आणि हरीचा फोटो काढ. कंपनी नाही म्हणाली तर कंपनीला सांग, आमच्याकडे खरी गोष्ट एकच आहे आणि तिच्यात मोरी नाही.

कॅमेरावाल्यांना अडवत नाही. येऊ देत. त्यांच्यासाठी जेवण करीन, पण मासे मिळणार नाहीत, दर्या बंद आहे. नारळ घालायला सगळं गाव किनाऱ्यावर जमेल. नारळ पाण्यात पडायच्या आधी मी उभी राहणार आहे आणि सांगणार आहे की हरिश्चंद्र आपल्या मनाने गेला नव्हता, त्याला मी पाठवला. गंगारामला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "वयनी, आता कित्याक?" मी म्हटलं, तू छत्री धर, कित्याक ते विचारू नको.

तेव्हा कॅमेरा चालू ठेवायचा की बंद, ते तू ठरव. मला विचारू नकोस. मी आजवर ठरवलेलं पुरे झालं.

तब्येत सांभाळ, वेळेवर जेव. पत्राचं उत्तर नको, तू ये.

इतकी वर्षं गाव मला परशुरामाची आई म्हणतं, मी पण तशीच ओ देते. आज खाली दुसऱ्याचं नाव लिहिते.

हरिश्चंद्राची आई,
नर्मदा