कानबाईचा नवस

रत्नाअक्कास,

हे पत्र टाकायची हिंमत मला होणार नाही.

परवा भुसावळला देव आहे की नाही, या जाहीर वादात मी तुझीच गोष्ट सांगितली. एका बाईने तापाने फणफणलेल्या लेकीला दवाखान्यात न नेता कानबाईला नवस केला, पोर गेली. टाळ्या पडल्या आणि तू उठून गेलीस.

पोर तापली होती त्या दिवशी धरणगावहून तुझा फोन आला होता. "भाऊ, गाडी लई ये, पोर डोया उघाडत नही." मी म्हणालो, "व्याख्यान संपलं की गाडी घेऊन निघतो." नवस तू त्यानंतर बोललीस.

परवा तू उठून गेल्यावर देवाची बाजू मांडणाऱ्या महाराजांनी विचारलं, "त्या बाईच्या मदतीला कुणी माणूस धावला नाही का?"

मी माईकवर म्हणालो, "मला माहीत नाही."

तुझा धाकटा भाऊ,
प्रेमराज