दगड ओला करून बघायचा

बाबा,

आज पलासियाच्या क्लासमध्ये पोरांना तुमचा काळा दगड दाखवला. तोच, तळहाताएवढा, एका बाजूने तुम्ही कापून घासलेला. फार प्राचीन काळी प्रचंड ज्वालामुखी फुटले, समुद्र तापले, पाण्यातला ऑक्सिजन संपत गेला आणि तळाचे जीव गुदमरून मेले, हे सगळं मी दहा मिनिटांत उरकते. पोरं लिहून घेतात. मला मात्र दरवेळी तुमची कॉलेजातली दगड कापायची खोली आठवते आणि माझा आवाज उगाच चढतो.

तुम्ही तिथे लॅब अटेंडंट आणि मी तिथेच एम.एस्सी.ला. प्रोजेक्टसाठी एकाच टेकडीतले दगड आणले होते, खालच्या थरातले करडे, वरच्या थरातले काळे. मी पुस्तकांत डोकं घालून बसले आहे आणि तुम्ही मशीन बंद करून हाक मारता, "बेटा, इकडे ये जरा." दोन्ही तुकडे नळाखाली धरून अंगठ्याने चोळता. "ह्या भुऱ्यात बघ, किडे फिरल्याचे रस्ते. आणि काळ्यात एकदम साफ, नुसते थर. तिथं कोणी जिंदाच नव्हतं का गं?" माझा अख्खा प्रोजेक्ट त्या एका प्रश्नावर उभा राहिला.

तोंडी परीक्षेला बाहेरून सर आले होते. तुम्ही दगडांचा ट्रे धरून माझ्या मागेच उभे. सरांनी विचारलं, "बहुत बढ़िया. ये आपने खुद नोटिस किया?" मी म्हणाले, "जी सर." जीभ अडखळलीसुद्धा नाही, बाबा. अटेंडंटने दाखवलं म्हटलं तर मार्क जातील असं वाटलं, आणि तो अटेंडंट माझा बाप आहे हे कळलं तर अजून काय काय जाईल, असंही वाटलं. तुम्ही ट्रे टेबलावर ठेवलात आणि सरांसाठी चहा आणायला गेलात.

घरी जाताना महूच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. रागावला असतात तर सुटले असते. राऊचा स्टॉप मागे गेल्यावर एवढंच म्हणालात, "दगड ओला करून दाखवायचा होता ना बेटा. सुक्यात काही दिसत नाही." पुढे मला नोकरी लागली, तेव्हा हाच दगड रुमालात गुंडाळून दिलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि तुम्ही गेलात तोवर मीही नाही.

आज दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं, अंगठ्याने चोळलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅम, ये पानीवाली ट्रिक किसने सिखाई?" इतकी सोपी संधी परत मिळणार नव्हती. मी म्हणाले, "कॉलेज में एक अटेंडंट थे." अर्धं खरं बोलून मला चक्क बरं वाटलं, आणि त्याचीच आता जास्त लाज वाटते आहे.

उद्या त्याच बॅचचा तास आहे. 'उद्या नक्की सांगेन' असं वर एकदा लिहिलं होतं, बाबा. खोडलं. माझा मला भरवसा नाही.